घरच्यांना जाळी लागत नाही

शिमगा जवळ आला की कोकणातला माणूस मुंबईत नावापुरता उरतो. हात कामावर असतात आणि चित्त गावच्या पालखीपाशी. दत्ताराम परबच्या शेडमधला दशरथही त्यातलाच. १९८६ सालच्या मार्चमध्ये त्याने पंधरा दिवस आधी सांगून रीतसर रजा घेतली आणि तो कणकवलीला निघून गेला. त्याच्या जागी मशीनवर कोण बसणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. दत्तारामने सकाळचा चहा पिता पिता चुलीकडे तोंड करून हाक मारली, "सुगंधा, भाकऱ्या झाल्या की खाली ये गो. दशरथ नाय."

सुगंधा ही त्याची सून. चंद्रप्रकाशची बायको. लग्न होऊन घाटकोपरला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आता बावीस. भटवाडीच्या चढावर परबांची दहा बाय बाराची खोली होती आणि उताराला, खालच्या गल्लीत, त्यांची पत्र्याची शेड. भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, पाणी भरायचं आणि पदर खोचून उतार उतरायचा. तीन वर्षांत तिचा हा क्रम चुकला तो फक्त सणाला माहेरी गेली तेव्हा, आणि तोही चार दिवसांच्या वर नाही.

शेडवर पाटी होती, 'परब अँड सन'. दत्तारामचा जीव या पाटीत होता. परळच्या एका गिरणीत त्याने बावीस वर्षं माग चालवले होते. त्यातली पहिली सात वर्षं तो बदली कामगार. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणी कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, सगळे आले तर तोंड पाडून घरी परतायचं. बहिणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो आधी गेटवर जाऊन आला होता. मग ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीने पुन्हा त्याला आत घेतलं नाही, आणि पन्नाशी ओलांडलेल्या दत्तारामने ठरवलं की आता कुणाच्याही गेटवर उभं राहायचं नाही. बायकोच्या, विमलाच्या, पाटल्या मोडल्या, गावचा आंब्याच्या कलमांचा तुकडा भावाला दिला आणि एक जुना पॉवर प्रेस आणला. कांजूरमार्गच्या एका मलमाच्या कारखान्याला डब्यांची पत्र्याची झाकणं पुरवायचं काम मिळालं. वर्षभरात दुसरा प्रेस आला.

घरच्या धंद्याचं सुख काय असतं ते पाहायचं तर त्या दिवसांतले परब पाहायला हवे होते. दुपारी एकला मोटर बंद करून चौघं शेडमध्येच जेवायला बसत. कुणी साहेब नाही, कामाला जुंपणारा कुणी जॉबर नाही. दत्ताराम सुक्या बांगड्याचा मोठा तुकडा सुनेच्या ताटात टाकून म्हणायचा, "खा गो, तुझ्या हातामुळे माल वेळेवर जाता." मुलगा दुसऱ्याच्या हाताखाली नाही, बायको शेजारी बसून झाकणं पुसते आहे, दशरथ आपल्याला शेट म्हणतो आहे! गिरणीतून हाकललेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? दसऱ्याला दोन्ही प्रेसना झेंडूच्या माळा घालताना त्याचे डोळे भरून यायचे. खोटं नव्हतं ते.

आता या मशीनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पॉवर प्रेस म्हणजे लोखंडी उंच सांगाडा, खाली एक साचा, वर एक. खालच्या साच्यावर हाताने पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि पायाने पेडल दाबायचं. वरचा साचा धाडकन खाली येतो, झाकण तयार. हात आत, हात बाहेर, पाय खाली. दिवसातून काही हजार वेळा. एखाद्या वेळी हात बाहेर यायला उशीर झाला तर साचा पत्रा आणि बोट यात फरक करत नाही. म्हणून साच्यापुढे लोखंडी जाळी बसवायची असते. जाळी लावली की हात आत जातच नाही, पत्रा चिमट्याने सरकवावा लागतो. माणूस वाचतो, काम मंदावतं.

परबांकडे जाळ्या होत्या. दशरथ कामाला लागला त्या आठवड्यातच त्याने सांगून टाकलं होतं, "शेट, जाळी लावा, नायतर मी चाललो." असल्फ्याला, साकीनाक्याला प्रेसवाल्यांची कमी नव्हती, तो खरंच गेला असता. दत्तारामने कुरकुरत दोन्ही मशीनच्या जाळ्या करून आणल्या. दशरथ बसायचा तेव्हा जाळी लागायची. तो उठला आणि घरचं कुणी बसलं की चार नट सैल करून जाळी भिंतीशी टेकवून ठेवली जायची. कुणी तसा नियम केला नव्हता. तो आपोआप झाला होता. परक्या माणसाला काही झालं तर जबाबदारी येते, घरचा माणूस काय, जपून करतोच. एकदा विमलाने चाचरत विचारलं तेव्हा दत्ताराम हसून म्हणाला होता, "घरच्यांना जाळी कशाला? घरच्यांना डोळे आहेत."

दशरथला रविवारची सुट्टी होती. घरच्यांना नव्हती. दशरथला ताप आला तर तो येत नसे. मागच्या पावसाळ्यात सुगंधाला ताप आला तेव्हा दत्तारामने स्वतः औषध आणलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि काळजीने म्हणाला, "आज मशीनवर नको बसू हां. नुसती झाकणं पूस." माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती. वाईट माणसांच्या गोष्टी आपण मिटक्या मारत वाचतो आणि आपण त्यातले नाही म्हणून सुखाने झोपतो.

दशरथ जाऊन तीन दिवस झाले होते. संध्याकाळी कांजूरमार्गला माल जायचा होता आणि निम्मी खोकी रिकामी होती. साडेदहाच्या सुमारास सुगंधाने मशीन थांबवलं आणि शेजारच्या प्रेसवर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "अहो, मशीन डबल मारतंय." म्हणजे पेडल एकदा दाबलं की साचा एकदा खाली येऊन थांबायला हवा. तो न थांबता, न दाबता, आणखी एकदा खाली येत होता. सकाळपासून दोनदा झालं होतं.

चंद्रप्रकाशला हे किती धोक्याचं ते कळत होतं. तो उठून बापाकडे गेला. दत्ताराम खोकी बांधत होता. त्याने मान वर न करता सांगितलं की आता मिस्त्री बोलावला तर मशीन खोलून ठेवील आणि दिवस जाईल. संध्याकाळी माल गेला की बोलावू. तोवर तिला म्हणावं जरा जपून कर.

हेच दशरथने सांगितलं असतं तर तो उत्तराची वाट न पाहता स्टुलावरून उठला असता आणि नाक्यावर चहा प्यायला गेला असता. चंद्रप्रकाश परत आला, बायकोकडे न बघता म्हणाला, "संध्याकाळी करू म्हणतात. जपून कर." सुगंधाने पदर पुन्हा खोचला आणि ती बसली.

अकराला दहा कमी असताना साचा तिसऱ्यांदा न सांगता खाली आला.

ती ओरडली नाही. नुसतं "आई" म्हणाली. चंद्रप्रकाशने धावत जाऊन मोटर बंद केली, पण पट्टा थोडा वेळ फिरतच राहिला. विमलाच्या मांडीवरची झाकणं फरशीवर सांडली आणि ती लांबपर्यंत घरंगळत गेली. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली होती. अंगठा आणि करंगळी राहिली.

रिक्षात दत्तारामने सुनेचा हात आपल्या पंच्यात गुंडाळून छातीशी धरला होता. त्याचा सदरा रक्ताने भिजला. तो सारखा पुटपुटत होता, देवाचं नाव घेत होता. त्याला दुःख झालं होतं यात शंका नाही. पण म्युनिसिपालिटीच्या इस्पितळाच्या पायऱ्या चढताना त्याच दुःखाच्या खाली त्याचं डोकं चालू होतं. मशीनला जाळी नव्हती. मशीन बिघडलेलं माहीत होतं. आणि ही बाई तीन वर्षं तिथे काम करत असल्याचं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. केसपेपर काढणाऱ्याने विचारलं, कसं लागलं? दत्ताराम म्हणाला, "दुकानाचं शटर पडलं हातावर."

तपासणारी डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने जखम धुताना पत्र्याचा एक बारीक कपटा चिमट्याने काढला, तो दत्तारामपुढे धरला आणि म्हणाली की शटरने बोटं अशी कापली जात नाहीत. तिने वाद घातला नाही. उद्या सकाळी दहाला पोलीस येऊन पेशंटचा जबाब घेतील, खरं काय ते ती स्वतः सांगेल, एवढं बोलून ती पुढच्या पेशंटकडे वळली.

दुपारभर परबांचं घर त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होतं. विमला डोळे पुसता पुसता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती. बोटं तर गेली, ती काय परत येणार नाहीत. पण शेडला सील लागलं तर चार तोंडांनी खायचं काय? पुन्हा गिरणीच्या वेळेसारखे दिवस काढायचे? ती दगडाच्या काळजाची नव्हती. संपाच्या दिवसांत तिने उपास काढले होते आणि तिला त्या उपासांची भीती वाटत होती. शेवटी ठरलं की चंद्रप्रकाशने आत जाऊन सुगंधाला नीट समजवायचं, उद्या पोलिसाने विचारलं तर शटरच सांग.

चंद्रप्रकाश आत गेला. खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. बायकोच्या पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या हाताखालची चादर तो उगाच नीट करू लागला. सुगंधा छताकडे बघत होती. तीच म्हणाली, "शटर म्हणू ना? मी ऐकलं मामंजी बोलले ते. तेच सांगेन."

मीठ कमी पडलंय, घालू का, असं विचारावं तसं तिने ते विचारलं. चंद्रप्रकाश उठून बाहेर आला तो भिंतीला टेकून रडायलाच लागला.

चारला भेटायची वेळ सुरू झाली तेव्हा शांताबाई आल्या. परबांच्याच चाळीत राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या. दत्तारामच्याच गिरणीत त्यांनी सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात अठरा वर्षं काढली होती आणि संपात त्यांचंही काम गेलं होतं. हातात पेजेचा डबा होता. त्या आधी सुगंधाजवळ जाऊन बसल्या, तिला चार चमचे पेज भरवली, मग बाहेर येऊन चंद्रप्रकाशशी बोलल्या आणि शेवटी दत्तारामच्या शेजारी येऊन टेकल्या.

"कागदावर काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"शटर पडलं म्हणून."

"मला पण तेच सांगणार?"

शांताबाईंनी पायातली चप्पल काढून पाय वर घेतले. त्यांना घाई नव्हती.

"धाकू आठवतो तुला?" त्या म्हणाल्या.

दत्तारामला धाकू आठवत होता. कसा विसरणार? पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. मागावरचा आडवं सूत नेणारा लाकडी धोटा सुटून उडाला आणि शेजारच्या मागावर असलेल्या धाकूचा डोळा घेऊन गेला. धाकू बदली होता. त्या दिवशी त्याचं नाव हजेरीवर चढवायचं राहिलं होतं. जॉबरने सरळ सांगितलं की हा माणूस कामावर नव्हताच, गिरणीच्या बाहेर कुठेतरी पडला असेल. तेव्हा दत्तारामसुद्धा बदलीच होता. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरून आत घेतलं नसतं तर विचारणारं कोणी नव्हतं. तरी तो दहा-बारा जणांना घेऊन हजेरी ठेवणाऱ्या टाइमकीपरच्या दारात जाऊन बसला. दोन दिवस बसला.

"काय म्हणत होतास तू दारात बसून? मी जिन्यावर उभी होते, सगळं ऐकलं मी. पैसे नका देऊ, औषध नका देऊ, पण माणूस कामावर होता एवढं लिहा. असंच म्हणत होतास ना? आणि लिहून घेतलंस. आज तू कुठे बसलायस, दत्ताराम? दारात की आतल्या खुर्चीवर?"

"ती गिरणी होती, शांताबाई," दत्ताराम दुखावून म्हणाला. "हे घर आहे. सून आहे ती माझी. मी काय तिचा मालक आहे?"

"नाही ना? मग बरंच झालं. गिरणीला निदान गेट होतं. पाळी संपली, गेटच्या बाहेर आलं की माणूस सुटायचा. मालक आपल्या चुलीपर्यंत येत नव्हता. ही पोर कुठल्या गेटातून बाहेर पडणार होती, सांग मला?"

"काय कमी केलं मी तिला? माझ्या ताटातला घास काढून दिला."

"दिलास. मी पाहिलंय. मग दशरथला जाळी का लावलीस?"

"त्याने मागितली."

"आणि हिने? मशीन बिघडलंय म्हणून हिने सांगितलं नव्हतं?"

शांताबाईंचा आवाज चढला नाही. त्या हळूच बोलत होत्या, आणि तेच ऐकणं कठीण होतं.

"दशरथला जाळी दिलीस ती त्याच्यावर माया होती म्हणून नाही. तो सोडून जाईल म्हणून दिलीस. ही सोडून जाणार नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. जो जाऊ शकत होता त्याचे हात वाचले, दत्ताराम. जी जाऊ शकत नव्हती तिचा गेला. सात वर्षं गेटवर उभा राहिलास तू. रोज कुणाची तरी जागा भरलीस आणि तुझं नाव कुठे नव्हतं. त्या सात वर्षांचा तुला केवढा राग होता! आणि आपल्या घरात तू नेमकी तीच जागा केलीस. त्यात सुनेला नेऊन बसवलीस."

दत्ताराम म्हणाला, "शेड जाईल."

"जाईल," शांताबाई म्हणाल्या. "मी तुला गोड बोलून फसवणार नाही. वाट लागेल तुमची. पण उद्या ती पोर तोंडाने शटर म्हणाली ना, तर बोटांबरोबर तिची तीन वर्षंही गेली. ती तिथे नव्हतीच असं होईल. तिच्याच तोंडून होईल."

पेजेचा रिकामा डबा घेऊन त्या निघून गेल्या. दत्ताराम बाकावरून उठला नाही. विमलाने दोनदा चहाला चल म्हटलं, त्याने नको म्हटलं.

सकाळी दहाला हवालदार आला. वॉर्डात खाटेशेजारी स्टूल ओढून बसला, कागद मांडीवर ठेवला आणि कंटाळलेल्या आवाजात सुगंधाला नाव, वय, पत्ता विचारू लागला. मग त्याने विचारलं, काय झालं होतं? सुगंधाने ओठांवरून जीभ फिरवली. खाटेच्या पायथ्याशी सासू, नवरा, सासरा उभे होते. तिने सासऱ्याकडे एकदा पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"शटर नाही," दत्ताराम म्हणाला.

हवालदाराने वर पाहिलं.

"काल मी खोटं लिहून दिलं. प्रेसमध्ये हात गेला तिचा. जाळी काढून ठेवली होती, मीच. मशीन बिघडलंय हे तिने सांगितलं होतं, मीच तिला बसवली." "ती माझ्याकडे कामाला होती. तीन वर्षं."

हवालदार गोंधळला. "सून ना तुमची?"

"सून आहे. आणि कामाला होती."

"हजेरीवर नाव?"

"नाही. तिचं नाव कुठेच नाही. तुम्ही लिहा साहेब."

हवालदाराने ते लिहिलं. हात गेला तेव्हा न रडलेली, टाके घालताना न रडलेली, रात्रभर न रडलेली सुगंधा तेव्हा रडली. डाव्या हाताने तोंड झाकून, अंग हलेपर्यंत रडली. चंद्रप्रकाशला वाटलं दुखतंय म्हणून रडते, त्याने नर्सला बोलावलं. विमला मात्र तिच्याकडे टक लावून बघत राहिली. तीन वर्षं शेजारी बसून झाकणं पुसणाऱ्या त्या बाईला त्या रडण्यातलं काहीतरी कळलं असावं, कारण तिने पुढे होऊन सुनेचं डोकं पोटाशी धरलं.

गोष्ट इथे संपवली तर वाचायला बरी वाटेल, पण खऱ्याची किंमत मोजावी लागते आणि ती परबांनी मोजली. चार दिवसांनी तपासणी झाली, शेडला कुलूप लागलं, दत्तारामवर खटला उभा राहिला. कांजूरमार्गचं काम दुसऱ्याकडे गेलं. चंद्रप्रकाश साकीनाक्याला दुसऱ्याच्या प्रेसवर जाऊ लागला आणि चौपन्न वर्षांचा दत्ताराम चेंबूरला एका गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. ज्या गेटचा त्याने एवढा धसका घेतला होता तिथेच. दशरथ गावाहून परतला तेव्हा त्याला गल्लीतच सगळं कळलं. तो वर खोलीत आला, देवीचा प्रसाद सुगंधाच्या डाव्या हातावर ठेवला आणि गेला.

सुगंधा डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली. भाकऱ्या वाकड्या व्हायच्या, घरात कुणी काही म्हणत नसे. बाहेर जाताना ती उजवा हात पदराखाली ठेवायची. नळावर बायका हळहळायच्या आणि वर म्हणायच्या, नशीब गो बाई, सासरा चांगला म्हणून ठेवून घेतली. ती ऐकून घ्यायची. एकदाच शांताबाईंना म्हणाली होती की झोपेत बोटं खाजतात, नसलेली.

सहा महिने गेले. कोर्टात दंड भरून, जाळ्या पक्क्या करून आणि तपासणीचा कागद मिळवून ऑक्टोबरमध्ये शेड उघडायची वेळ आली. एक लहान काम मिळालं होतं. दत्तारामने नवी हजेरी वही आणली आणि तिच्यात पहिल्यांदा घरच्या सगळ्यांची नावं घातली. स्वतःचं, मुलाचं, विमलाचं. दर रविवारी सुट्टी, सगळ्यांना. मग तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

सुगंधा तांदूळ निवडत होती. परक्या घरी बोलणी करायला आलेल्या माणसासारखा दत्ताराम अवघडला होता. त्याने सांगितलं की शेड सोमवारी उघडतोय. तिने मशीनवर बसायचं नाही, माल तपासायचा. पगार इतरांना तोच तिला, तिच्या हातात. रविवार मोकळा. आणि मग तो म्हणाला, "येशील काय कामाला?"

सुगंधाचा तांदळातला हात थांबला. या घरात तिला खूप काही दिलं गेलं होतं, साड्या, औषधं, ताटातले तुकडे. प्रश्न कुणी दिला नव्हता.

"नाही, मामंजी," ती म्हणाली. "मी नाही येणार."

विमला चुलीपुढून वळली. काहीतरी बोलणार होती. दत्तारामने तिला हातानेच थांबवलं. त्याचा चेहरा पडला होता, कारण मनातून त्याला ती यावी असंच वाटत होतं. ती आली असती तर सगळं मिटलं असं त्याला मानता आलं असतं. तेवढं सुख त्याच्या वाट्याला आलं नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि उतार उतरून शेडकडे गेला. सोमवारी त्याने गल्लीतल्या जयाला कामावर घेतलं. पगार ठरवून, सुट्टी ठरवून.

मंडळी, घरचा धंदा ही मोठी गोष्ट आहे. ज्यांनी तो उभा केला त्यांचे कष्ट कमी लेखण्याचा इथे मुळीच हेतू नाही. तुमच्या-माझ्या ओळखीत असे कितीतरी परब आहेत. कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणाची खानावळ, कुणाचं किराणा दुकान. तिथे राबणारी बायको, सून, धाकटा भाऊ यांना आपण घरचं माणूस म्हणतो आणि तो शब्द उच्चारला की पगार, सुट्टी, आजारपण, जोखीम हे सगळे प्रश्न मिटले असं समजतो. ते मिटलेले नसतात. विचारणारं कुणी नसतं म्हणून ते गप्प असतात. माणूस प्रेमाने राबतो की दुसरा रस्ता नाही म्हणून राबतो, हे ओळखायची एकच खूण आहे. त्याला नाही म्हणता येतं का? ज्या कामाला नाही म्हणता येत नाही ते काम गिरणीतलं असो की स्वतःच्या घरातलं, ती वेठच. आज घरी गेलात की आपल्या माणसाला एवढंच विचारा, उद्या कामावर येशील का. आणि उत्तर नाही असं आलं तर दत्तारामसारखं बरं म्हणा.